जेन्सन बुडाल्याची बातमी

जेन्सन तुस्कानोच्या वाढदिवसाला त्याच्या मुलीने त्याला समुद्र भेट दिला. केक कापून झाला होता, त्याची बायको प्रिस्का बशा भरत होती, आणि एलिसाने मोबाइल बापाच्या नाकासमोर धरला. पडद्यावर एक पिवळी होडी होती आणि होडीत दात काढून हसणारा एक माणूस.

"कयाकिंग आणि स्नॉर्कलिंग, अर्नाळ्याला," एलिसा म्हणाली. "बुक केलंय. सोलो डे आउट. म्हणजे एकट्याने जायचं, डॅडी. मम्मी नाही, मी नाही."

जेन्सनच्या घशात केक अडकला. "एकट्याने कशाला?"

"कारण सोबत कोणी असलं की तू त्यालापण घाबरवतोस."

यात खोटं काही नव्हतं. जेन्सन एका विमा कंपनीच्या दावे विभागात होता. नोकरीला लागल्यापासून तो एकच काम करत आला होता: माणसं कशी मेली ते वाचणं. त्यामुळे जगात निरुपद्रवी अशी वस्तूच त्याच्यापुरती उरली नव्हती. गिझर म्हटला की त्याला भिवंडीचा एक गृहस्थ आठवे, शिडी म्हटली की पालघरचा. माडाखालून जाताना तो डोक्यावर ऑफिसची बॅग धरी, आणि त्याच्या गिरीज गावात माडाखालून न जाता कुठेच जाता येत नाही, म्हणून सगळा गाव त्याला बॅग डोक्यावर धरूनच ओळखत होता. प्रिस्का लग्न झाल्यापासून या भीतीच्या कुंपणात राहत आली होती. ती शाळेत गणित शिकवायची, घरी आल्यावर गॅस बंद असल्याचं नवऱ्याला दोनदा सांगायची, आणि बाकी फारसं बोलायची नाही.

त्या दिवशी मात्र ती बोलली. "जाऊन ये. घाबरलास तर घाबर, पण जाऊन ये."

जेन्सनने पुढचे काही दिवस सर्दीची वाट पाहिली. सर्दी झाली नाही. मग त्याने वादळाची वाट पाहिली, पण हिवाळा सरत आला होता आणि आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. शेवटी एका बुधवारी रजा टाकून, डबा घेऊन, क्रूसाची खूण करून तो अर्नाळ्याच्या रिक्षेत बसला.

किनाऱ्यावर ताडपत्रीची एक शेड होती. शेडीत मितेश नावाचा मालक खुर्चीत बसून फोनवर बोलत होता. एका कानाला फोन तसाच ठेवून त्याने जेन्सनच्या अंगावर नारिंगी लाइफ जॅकेट चढवलं.

"पोहता येतं, सर?"

"नाही."

"बेस्ट. ज्यांना येतं ना, ते जास्त मस्ती करतात. हे जॅकेट घातल्यावर बुडायचं म्हटलं तरी बुडता येनार नाय."

लाइफ जॅकेट घालून बुडालेला एक माणूस जेन्सनच्या ओळखीचा होता. कागदोपत्री. पण मितेशने तोवर काचेचा मुखवटा पुढे केला होता. "चष्मा काढा. याच्या आत बसत नाय."

"चष्म्याशिवाय मला काही दिसत नाही हो."

"पाण्यात तसं पन काय दिसत नाय, सर. आपल्याकडचं पाणी गढूळ. चष्मेवाला, बिनचष्मेवाला, सगळे सेम."

"मग स्नॉर्कलिंगमध्ये बघायचं काय?"

"बघायचं नसतं," मितेश समजुतीच्या सुरात म्हणाला. "फील करायचं असतं."

जेन्सनने चष्मा काढला, आणि अर्नाळा विरघळला. आकाश, पाणी, वाळू यांचे तीन पट्टे तेवढे उरले. चष्मा, मोबाइल आणि डबा मितेशच्या टोपलीत गेले, चपला टोपलीखाली. पिवळी कयाक पाण्यात ढकलली गेली. वल्हं कसं धरायचं, नळीतून श्वास कसा घ्यायचा, पाण्यात उतरताना होडीची दोरी पायाला कशी बांधायची, हे मितेशने भराभर दाखवलं.

"आणि ते लाल पिंप तरंगतंय ना समोर, त्याच्या पुढे जायचं नाय. मी हितूनच बघतोय. दिसलं ना पिंप?"

जेन्सनने डोळे बारीक केले. दूरवर काहीतरी लालसर होतं. "हो," तो म्हणाला.

ते पिंप नव्हतं. ती एका मच्छीमार बोटीची लाल रंगवलेली मागची बाजू होती, आणि बोट खाडीच्या तोंडाकडे निघाली होती.

खरं पिंप जेन्सनने कधी मागे टाकलं ते त्याला कळलंच नाही. तो वल्हं मारत होता आणि लाल ठिपका काही जवळ येत नव्हता. समुद्र लहान आहे असं कोणी म्हटलेलं त्याने ऐकलं नव्हतं, म्हणून त्याला त्याचं नवलही वाटलं नाही. बोटांना कळ लागली तेव्हा तो थांबला. भेटीतला कयाकिंगचा भाग झाला असं त्याने धरलं. आता स्नॉर्कलिंग. ते केलं नाही तर एलिसा विचारील, आणि जेन्सनला खोटं बोलायचीही भीती वाटत असे.

दोरी पायाला बांधून, होडीच्या कडेला लोंबकळून त्याने तोंड पाण्यात घातलं. पाणी चहासारखं होतं. दूध जास्त घातलेल्या. आणि मग त्याला तो आवाज ऐकू आला.

कोणीतरी श्वास घेत होतं. मोठा, घोगरा, जवळून. एखाद्या रेड्याएवढं जनावर कानाशी येऊन धापा टाकत असावं असा. नीट ऐकावं म्हणून जेन्सनने श्वास रोखला, तसा त्या जनावरानेही रोखला. म्हणजे ते दबा धरून बसलं होतं! त्याने हळूच श्वास सोडला. त्यानेही सोडला. जेन्सन भीतीने भराभर श्वास घेऊ लागला आणि ते जनावर चवताळलं.

एवढ्यात काहीतरी थंड, बुळबुळीत त्याच्या पोटरीला गुंडाळलं गेलं.

ती त्याच्याच पायाची दोरी होती, पण हे सांगायला तिथे कोणी नव्हतं. जेन्सन नळीतून किंचाळला. ज्याला शाळेच्या कवायतीत कोलांटी उडी कधी जमली नव्हती, तो माणूस एका झेपेत होडीवर चढून पालथा पडला. डोळे मिटून, होडीला मिठी मारून तो "नमो मारिया"ची प्रार्थना म्हणू लागला. होडी भोवऱ्यासारखी वळत राहिली. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले, तेव्हा समोर एक हिरवी-तपकिरी पट्टी होती. किनारा! वल्ह्याला टांगल्यासारखा तो त्या पट्टीकडे निघाला. आयुष्यात त्याने एवढ्या जोराने कुठलीच गोष्ट केली नसेल.

त्या किनाऱ्यावर बायजा नावाची एक म्हातारी बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. पाण्यातून एक नारिंगी छातीचं, काचेच्या तोंडाचं, डोक्यावर शिंग असलेलं काहीतरी रांगत वर येताना तिने पाहिलं, आणि हातातली बोंबलांची टोपली त्याच्यावर फेकली.

"ए माय! कोन रं तू?"

"भू भूभेश भूभाय?" ते म्हणालं. मग त्याने तोंडातली नळी काढली. "मितेश कुठाय?"

"कोन मितेश?"

"त्याची शेड. ताडपत्रीची. आत्ता इथे होती!"

"हितं शेड नव्हती कदी." माणूसच आहे असं बघून बायजाचा जीव भांड्यात पडला होता. "वाट चुकलास काय?"

"हे अर्नाळाच ना?"

"अर्नाळाच की. पन ह्यो किल्ला. बेट हाय. तुजा गाव त्या अंगाला, पान्याच्या पल्याड."

जेन्सनने मागे वळून पाहिलं. मागे नुसती राखाडी पसरण होती. एवढं पाणी आपण एकट्याने पार केलं हे ऐकून दुसऱ्या कोणाची छाती फुगली असती. जेन्सन मटकन बोंबलांवर बसला.

बायजाने त्याला अंगणात नेलं, चहा दिला, ओलं काढून आपल्या मुलाचा टी-शर्ट आणि हाफपँट दिली. टी-शर्टच्या पाठीवर कुठल्याशा क्रिकेट स्पर्धेचं नाव आणि मोठा आकडा होता.

"घरी फोन लाव," ती म्हणाली. "काळजी करत असतील."

जेन्सनने फोन हातात घेतला आणि विचार केला. फोन केला तर प्रिस्का घाबरेल. एलिसा रडेल. शिवाय मितेशचा नंबर पाठ नव्हता. त्यापेक्षा गुपचूप पलीकडे जावं, चष्मा घालावा, डबा खावा आणि घरी जाऊन "छान झालं" म्हणावं. घरी कळलंच नाही तर झालंच नाही. आयुष्यभर सगळ्यांना सावध करत आलेल्या माणसाने त्या दिवशी फोन परत दिला.

"कयाक माजा मुलगा आनून देईल संध्याकाळी," बायजा म्हणाली. "तू होडीनं जा. भरली की सुटते."

होडी भरायला भरपूर वेळ लागला. जेन्सन बरोबर मधल्या फळीवर, दोन्ही हातांनी फळी धरून बसला. शेजारी सदानंद नावाचे एक गृहस्थ होते, कालिकामातेच्या दर्शनाला आलेले. होडी सुटते न सुटते तोच त्यांचा फोन वाजला.

"अरे देवा!" फोन ठेवून ते सगळ्यांना उद्देशून म्हणाले. "पलीकडे एक जण बुडाला सकाळी. पोलीस येतायत म्हणे."

जेन्सनने फळी आणखी घट्ट धरली. म्हणजे आपण पाण्यात होतो तेव्हाच! "कोण होता?"

"कोणीतरी मोठा ऑफिसर. एकदम धाडसी माणूस. एकटाच जायचा म्हणे खोल समुद्रात."

"एकटाच?"

"एकटाच! सहा फूट उंच. कोणाचं ऐकायचाच नाही. सगळ्यांनी नको नको म्हटलं तरी गेला."

"हेच," जेन्सन कळवळून म्हणाला. "हेच मी सांगत असतो लोकांना. घरी बायको-मुलं असतील बिचाऱ्याची."

"असणारच."

जेन्सनला त्या धाडसी माणसाचं फार वाईट वाटलं. कदाचित ते श्वास घेणारं जनावर आपल्याला सोडून त्याच्याकडे वळलं असेल, असंही त्याच्या मनात आलं. उरलेला प्रवास त्याने सदानंदांचा दंड धरून केला.

किनाऱ्यावर गर्दीचा एक मोठा काळसर डाग दिसत होता. जेन्सन आधी शेडीकडे धडपडत गेला. शेड रिकामी, टोपली रिकामी, चपलाही नाहीत. माणूस बुडाला त्या गडबडीत मितेशही शोधायला गेला असणार, हे त्याला पटलं. मग तो गर्दीच्या मागे जाऊन उभा राहिला. पुढे कोणीतरी बाई रोझरी, जपमाळेची प्रार्थना, म्हणत होती. म्हणजे बुडालेला आपल्याच समाजाचा! जेन्सनने मान खाली घातली, हात जोडले आणि सगळ्यांबरोबर खड्या आवाजात उत्तरं देऊ लागला. इतक्या मनापासून त्याने कोणासाठी प्रार्थना केली नव्हती.

"हे दयाळू देवा," पुढची बाई रडवेल्या आवाजात म्हणाली, "आमच्या जेन्सनला तुझ्या हाती सोपवतो."

जेन्सन दचकला. माझ्याच नावाचा! काय योगायोग. त्याचे डोळे भरून आले.

"आमच्या गिरीजच्या जेन्सन तुस्कानोला सांभाळ."

जेन्सनचं तोंड उघडं राहिलं. गिरीजमध्ये दुसरा जेन्सन तुस्कानो नव्हता. आवाजही आता ओळखीचा वाटला. ती प्रिस्काची रिटामावशी होती, जिने त्याला लग्नापासून धड जावई मानलं नव्हतं आणि आता त्याच्या नावाने ओक्साबोक्शी रडत होती. तो गर्दीतून वाट काढत पुढे गेला.

"रिटामावशी..."

मावशीने वर पाहिलं. चष्मा नाही, बॅग नाही, केस विस्कटलेले, पाठीवर आकडा. क्षणभर तिला कळेना. मग कळलं, आणि ती अशी किंचाळली की मागची दोन माणसं वाळूत पडली.

"सायबा! हा इकडं कसा?"

"मी बुडालो नाही, मावशी. मी किल्ल्यावर होतो. चहा पीत होतो."

"चहा!" मावशीचं रडं जागच्या जागी आटलं. "इकडं आमचा जीव गेला आणि तू चहा पीत होतास? त्या मितेशने एलिसाला फोन केला, एलिसा कॉलेजात रडतेय, आम्ही रिक्षा करून धावत आलो..."

"प्रिस्का कुठाय?"

मावशी गप्प झाली. आजूबाजूचेही गप्प झाले. जेन्सनला ते गप्प होणं चांगलं माहीत होतं. दाव्याच्या चौकशीला गेलं की दारातले लोक असेच गप्प होतात.

"मावशी, प्रिस्का कुठाय?"

"ती गेली," मावशी हळूच म्हणाली. "तुला शोधायला."

"कुठे?"

मावशीने बोट समुद्राकडे केलं. "मितेश बोट घेऊन डाव्या अंगाला गेला. हिला म्हणाला थांबा. ही थोडा वेळ थांबली. मग दुसरी पिवळी कयाक होती ना शेडीमागे, ती हिने एकटीने ओढत नेली. कोणाचं ऐकते? साडी खोचली न् गेली."

"तिला... तिला येत नाही यातलं काही!"

"येत कसं नाही? लहानपणी आमच्या बावखलाच्या तळ्यात दिवसभर पोहायची. केळीच्या खांबावर बसून या कडेची त्या कडेला जायची. पोरं घाबरायची, ही नाही. तुला कधी सांगितलं नाही?"

जेन्सनने कधी विचारलंच नव्हतं. मावशीने मुठीत घट्ट धरलेला त्याचा चष्मा जपमाळेतून सोडवून त्याच्या हातात दिला. त्याने तो घातला आणि पहिल्यांदा समुद्र पाहिला.

आत्तापर्यंतचा समुद्र बरा होता, धूसर होता. हा खरा समुद्र होता. क्षितिजापर्यंत एकेक लाट कोरल्यासारखी दिसत होती, आणि त्या सगळ्या लाटांवर एकही पिवळा ठिपका नव्हता.

सकाळपासून जेन्सन ज्याला ज्याला घाबरला होता ती भीती म्हणजे चिल्लर होती हे त्याला तेव्हा कळलं. ती स्वतःसाठी होती, तिच्यात निदान पाय हलत होते. ही वेगळी होती. तिने आधी कानातला आवाज बंद केला, मग जीभ कोरडी केली. प्रिस्काचं नाव एका कागदाच्या डोक्यावर आपल्या विभागाच्या टाइपात छापलेलं त्याला दिसलं, आणि तो चालू लागला.

"अरे ए, कुठं चाललास?" मावशी ओरडली.

पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला आलं. जेन्सनला ते कळलं नाही. "प्रिस्का!" तो ओरडत होता. एका लाटेने त्याला थोबाडीत मारली, दुसरीने टी-शर्ट वर केला. पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा मागून सदानंदांनी त्याची कॉलर पकडली. मघाशी होडीत धरलेल्या दंडाची ती परतफेड होती. दोघे तसेच उभे राहिले, एक ओढतोय आणि दुसरा ओरडतोय.

मग किल्ल्याच्या टोकामागून ठिपका आला. आधी रंग नव्हता, मग पिवळा झाला. वल्हं एका लयीत पडत होतं, उजवं, डावं, उजवं, डावं. जेन्सनला वल्हं पडण्यातही हजार धोके दिसत होते. लाट आली की तो डोळे मिटायचा, उघडले की होडी पुढे आलेली असायची. अखेर ती अगदी जवळ आली, लाटेवर चढली, झोकात वळली आणि त्याच्याशेजारी येऊन थांबली.

प्रिस्काचे केस सुटले होते. तिने नवऱ्याकडे पाहिलं. मग वल्हं उचलून त्याच्या पाठीत हाणलं.

"किल्ल्यावर चहा पीत होतास! ती म्हातारी भेटली मला. फोन करता येत नव्हता?"

"तू घाबरशील म्हणून नाही केला."

"मी घाबरले नाही होय?" तिचा आवाज फाटला. "सगळ्या बेटाला फेरी मारली मी. प्रत्येक खडकामागे बघत होते. खडकामागे तू असशील याची भीती, नसशील याचीपण भीती."

मग ती रडली, आणि जेन्सन छातीभर पाण्यात उभा राहून होडीच्या कडेला धरून रडला. सदानंदांनी कॉलर सोडली नव्हती, त्यामुळे त्यांनाही थोडं रडावं लागलं.

मावशीने शेडीतून उचलून घेतलेला जेन्सनचा डबा किनाऱ्यावर सगळ्यांनी मिळून खाल्ला. एलिसाला फोन लावला, ती आधी रडली आणि मग तिने बापाला झापलं. मितेश परत आला तो पांढराफटक पडून. त्याने दोघांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं.

"चुकलं, सर. माझं लक्ष पायजे होतं. तुमची ट्रिप झालीच नाय असं समजू. पुन्हा कधीही या, माझ्यातर्फे."

"पुन्हा?" जेन्सन ओरडला. "परत या पाण्याकडे बघणारसुद्धा नाही!"

"रविवारी चालेल?" प्रिस्काने विचारलं. ती साडीचा पदर पिळत होती आणि समुद्राकडे बघत होती. "मिस्सा झाल्यावर येईन. एकटीच."

तेव्हापासून दर रविवारी प्रिस्का चर्चमध्ये मिस्सा आटोपून अर्नाळ्याला जाते. मितेश तिला आता काही सांगत नाही, नव्या गिऱ्हाइकांना तिच्याकडे बघायला सांगतो. ती पाणी कापत लांब निघून जाते, किल्ल्याला वळसा घालते, बायजाकडे चहा पिते आणि मनात येईल तेव्हा परतते. जेन्सनही तिच्यासोबत येतो. तो गुडघाभर पाण्यात उभा राहतो, कारण वाळूवर बसलं तर लांबचं दिसत नाही आणि आणखी पुढे गेलं तर पाय कापतात.

परवा फिरायला आलेल्या एका जोडप्याला त्याची दया आली. ओठ पुटपुटतायत, मुठी आवळलेल्या, नजर समुद्रावर खिळलेली. नवऱ्याने जवळ जाऊन हलक्या आवाजात विचारलं, "काका, तुमचं कोणी बुडालंय का?"

"अजून नाही," जेन्सन म्हणाला, आणि नजर न हलवता पुढचं नमो मारिया सुरू केलं.